‘विश’पुढे ‘वॉज’ का?

दिवखार, ता. पेण
९ जानेवारी १९९५

आदरणीय बाई,

तुम्ही पेणची शाळा आणि घर सोडून रोह्याला मुलाकडे, अनयदादांकडे, राहायला गेलात, तेव्हापासून पत्र लिहीन लिहीन म्हणत होते. आज कारण मिळालं. ते व्याकरणाचं आहे, म्हणजे उशिराबद्दल तुम्ही रागावणार नाही.

माझा मोठा भाऊ प्रविण बहारीनला बोटींच्या वर्कशॉपात फिटर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. महिन्याच्या महिन्याला त्याचं पत्र यायचं. दिवाळीपासून एकही नाही. आई रोज पोस्टमनची वाट बघते आणि मग त्याच्यावरच चिडते. शेवटी आबा म्हणाले, “तू कालेजात इंग्लिश शिकतेस ना? मंग त्याच्या हापिसात फोन लाव.”

मी पेणला स्टँडजवळच्या फोनच्या बूथवर गेले. ‘मी प्रविणची बहीण बोलतेय’ हे वाक्य इंग्रजीत पाठ करून नेलं होतं. पण पलीकडून एका गोऱ्या मॅडमचा आवाज आला आणि माझ्या तोंडून फक्त “प्रविण, प्लीज” एवढंच निघालं. मॅडम म्हणाली, “ओह, प्रविण! आय विश ही वॉज स्टिल विथ अस.” पुढे ती पुष्कळ बोलली, पण लाइनवर माझाच आवाज मला परत ऐकू येत होता आणि मध्ये नुसती खरखर. शेवटी काहीतरी रीतीचं बोलली आणि लाइन तुटली.

विश म्हणजे इच्छा. म्हणून घरी मी असं सांगितलं, की प्रविणने त्यांच्याकडेच राहावं अशी मॅडमची इच्छा आहे. आई म्हणाली, “म्हंजे पोर कामाला चांगला हाय गो.” आणि आबांनी दुसऱ्या दिवशी मिठागरावर सगळ्यांना सांगितलं, की साहेब लोक प्रविणला सोडायला तयार नाहीत, आता तो फोरमनच होणार. पलीकडच्या गावातल्या सरूशी त्याचं लग्न बोलून ठेवलंय. तिच्या वडलांनाही निरोप गेला, की वैशाखात उरकून टाकू.

आता माझी शंका. मॅडम आजचं बोलत होती. मग ‘वॉज’ का? ‘इज’ हवं ना? मी चुकीचं ऐकलं, की मॅडमच चुकली? गोरी माणसं त्यांच्याच भाषेत चुकतात का? वर्गात विचारायची सोय नाही. सर पुढच्या दोन बाकांकडे बघूनच शिकवतात.

तुमची विद्यार्थिनी,
दिपिका

*

रोहा
१४ जानेवारी १९९५

चि. दिपिका,

संक्रांतीच्या दिवशीच तुझं पत्र हातात पडलं, तोंड गोड झालं. गोरी माणसंही चुकतात, आपण मराठीत चुकतो तशीच. पण चूक ठरवण्याआधी शब्द नीट पाहावा.

विश हा शब्द दोन्ही कामं करतो. ‘माय विश’ म्हटलं की ते नाम, ‘आय विश’ म्हटलं की क्रियापद. त्याचा जुळा वाटावा असा दुसरा शब्द होप. तोही नाम आणि क्रियापद दोन्ही होतो. कोशात एकापुढे ‘इच्छा’ आणि दुसऱ्यापुढे ‘आशा’ लिहिलेलं असतं, आणि आपण समजतो की भेद कळला. पण वाक्यात घालून बघ. ‘आय विश यू सक्सेस’ चालतं. तिथे विश एकदम दोन कर्मं उचलतं, कुणाला आणि काय. ‘आय होप यू सक्सेस’ मात्र चालत नाही. होपला एवढं ओझं पेलत नाही. त्याच्यामागे अख्खं वाक्य जोडावं लागतं, ‘आय होप यू सक्सीड’, किंवा ‘फॉर’ची काठी द्यावी लागते. म्हणून वाढदिवसाला आपण विश करतो, होप करत नाही. या गमतीवर जरा विचार कर. अशी आणखी वाक्यं जमव.

‘वॉज’चं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे, ते मागाहून सांगेन. पण मला दोन गोष्टी कळव. तू नक्की ‘वॉज’च ऐकलंस का? आणि शेवटी मॅडम जे ‘रीतीचं’ बोलली, ते शब्द काय होते? आठवतील तसे लिही, तुटके असले तरी चालतील.

आणि आबांना म्हणावं, लग्नाची तारीख इतक्यात धरू नका. ज्याचं लग्न आहे त्याचं पत्र येऊ दे. उगाच घाई नको.

अनयची आज दुपारची शिफ्ट आहे, तो निघालाय. त्याच्याच हाती पत्र टाकायला देते.

तुझी,
पद्मजाबाई

*

दिवखार
२१ जानेवारी १९९५

आदरणीय बाई,

शाळेत मी तुम्हाला काय काय विचारलं. मासा झोपतो का, इथपासून. तुम्हाला येत नसेल तर ‘येत नाही, बघून सांगते’ म्हणायचात. पण उत्तर मागाहून देईन, असं कधी म्हणाला नव्हतात.

बुधवारी सर वर्गात आले, घाम पुसला आणि म्हणाले, “आय विश टुडे वॉज संडे.” सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता थांबले. बाई, त्या दिवशी बुधवार होता! रविवार नव्हता, म्हणूनच तर सर तसं म्हणाले.

म्हणजे ‘ही वॉज स्टिल विथ अस’ याचा अर्थ तो त्यांच्याजवळ नाहीय. मी घरी नेमकं उलटं सांगितलं.

कॉलेज सुटल्यावर एस.टी. समोर लागली होती, तरी मी चढले नाही. पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवरच बसून राहिले. त्यांच्याजवळ नाही म्हणजे कुठे? आणि ‘स्टिल विथ अस’ असं लोक कुणाबद्दल म्हणतात? तुम्हाला हे पहिल्याच पत्रात कळलं होतं ना? म्हणूनच लग्नाची घाई नको म्हणालात ना? मला खरं सांगा. मी रडेन, पण खरं सांगा.

मी ‘वॉज’च ऐकलं. लाइनवर घुमत होतं, त्यामुळे ते दोनदा ऐकू आलं. आणि शेवटी ती म्हणाली, ‘आय होप ही इज वेल’. त्यात काही नाही, आपण पत्रात ‘सर्व खुशाल’ लिहितो तसंच ते.

घरी अजून कुणाला बोलले नाही. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आबा सरूच्या घरी सुपारी फोडायला जाणार आहेत. आईने त्या दिवशी पाटावर ठेवायला प्रविणचा फोटो काढून ठेवलाय, रोज पदराने पुसते. मी काय करू?

दिपिका

*

रोहा
२५ जानेवारी १९९५

दिपिका, पोरी,

आधी हे वाच. तुझा भाऊ जिवंत आहे. निदान, ती मॅडम त्याला जिवंत समजते. आता शांतपणे बस आणि बाकीचं वाच.

हो, पहिल्या पत्रातच माझ्या मनात वाईट आलं होतं आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान दामोदरपंत गेले, तेव्हा त्यांच्या कंपनीत शोकसभा झाली होती. मुंबईहून आलेले एक साहेब इंग्रजीत म्हणाले, ‘वुई विश ही वेअर स्टिल विथ अस.’ पुस्तकी इंग्रजीत तिथे ‘ही’पुढेसुद्धा ‘वेअर’ येतं, बोलताना ‘वॉज’ म्हणतात, अर्थ एकच. पुढे साहेब काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, तेवढं वाक्य मात्र कानात बसलं. तुझ्या पत्रात तेच शब्द पाहिले आणि मला दुसरा अर्थ सुचेचना. इतकी वर्षं मुलींना शिकवलं, की एकट्या वाक्यावरून अर्थ ठरवू नका, मागचं-पुढचं बघा, आणि मीच एका वाक्यावर अडून बसले.

तू जे ‘रीतीचं’ म्हणून बाजूला ठेवलंस, तेच वाक्य महत्त्वाचं आहे. ‘आय होप ही इज वेल.’ विशपुढे ‘वॉज’ आलं, होपपुढे ‘इज’ आलं. का? विशपुढे असं अख्खं वाक्य आलं, की ती गोष्ट तशी नाही हे बोलणाऱ्याला पक्कं माहीत असतं. इंग्रजी माणूस अशा न घडणाऱ्या गोष्टीला आजपासून लांब सरकवतो. लांब सरकवायला त्याच्याकडे क्रियापदाचं वेगळं रूप नाही, म्हणून भूतकाळाचंच वापरतो. काळ आजचाच, अंतर तेवढं कालचं. होपमध्ये असं काही पक्कं नसतं. असेल किंवा नसेल, पण असू शकतं. म्हणून क्रियापद सरळ वर्तमानात.

आपल्या मराठीत तर हे किती सोपं आहे बघ. ‘तो इथे असता तर बरं झालं असतं’ हे विश. ‘तो बरा असेल’ हे होप. असता आणि असेल. तुझी आई हा भेद दिवसातून दहा वेळा बरोबर करत असेल आणि तिला कुणी व्याकरण शिकवलेलं नाही. मी एवढी वर्षं इच्छा आणि आशा असे दोन शब्द फळ्यावर लिहीत राहिले. ‘असता’ आणि ‘असेल’ लिहायचं मला कालपर्यंत सुचलं नव्हतं!

तेव्हा दोन्ही वाक्यं एकत्र ठेव. तो आता त्यांच्याकडे नाही, हे मॅडमला माहीत आहे. तो कुठे आहे, कसा आहे, हे तिला माहीत नाही, पण बरा असेल असं वाटतं. गेलेल्या माणसाबद्दल ‘ही इज वेल’ कुणी म्हणत नाही.

आता पुन्हा फोन कर. रविवारच्या आधी. आधी स्वतः कोण ते सांग. मग सावकाश तीन प्रश्न विचार, कधी सोडलं, का सोडलं, कुठे गेला. कळलं नाही तर ‘प्लीज से इट अगेन’ म्हणायला लाजू नकोस. आणि या वेळी आबांना सगळं सांगून मग बूथवर जा.

तुझी,
पद्मजाबाई

*

दिवखार
३१ जानेवारी १९९५

आदरणीय बाई,

तुमचं पत्र शनिवारी सकाळी आलं. पहिली ओळ वाचून मी खरंच खाली बसले. मग आबांना मिठागरावर जाऊन गाठलं. ते पाणी सोडत होते. मी म्हटलं, मी अर्थ चुकीचा सांगितला, प्रविण तिथे नाही. आबांनी बाजूच्या कोंडीतल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यातल्या, माणसांकडे एकदा बघितलं. त्यांनीच ‘शिवाचा पोर फोरमन झाला’ म्हणून आबांची पाठ थोपटली होती. मग पाय धुतले आणि म्हणाले, “चल.”

या वेळी लाइन साफ लागली. मी म्हटलं, “आय अ‍ॅम प्रविण्स सिस्टर, फ्रॉम इंडिया.” मॅडम एकदम म्हणाली, “हाऊ इज ही?” बाई, ती मलाच विचारत होती! मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, “बट ही वेंट होम.” मी म्हटलं, “होम इज हिअर. ही इज नॉट हिअर.” आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग तिने सावकाश सांगितलं. मी चार वेळा ‘से इट अगेन’ म्हटलं, ती चिडली नाही. दिवाळीच्या आधी बोट वर ओढताना प्रविणचा हात दोरखंडात सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिथेच हॉस्पिटलात होता. मॅडमने त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं. तो म्हणाला, मला इंजिनाचंच काम येतं. बरा झाला आणि नोकरी सोडून मुंबईच्या विमानात बसला. बरोबर करंजाचा गोविंदा म्हणून एक खलाशी होता. एवढंच तिला माहीत.

मी आबांना सांगितलं, तेव्हा बूथवाल्याने उठून त्यांना स्टूल दिलं. आबा म्हणाले, “दोन बोटां. आनि बाकी सगला बरा हाय ना?” मी म्हटलं, ‘बरा असेल’ असं मॅडमला वाटतं. ते म्हणाले, “आसंल. बराच आसंल.”

सुपारी थांबवली. आबांनी सरूच्या वडलांना खोटं कारण नाही सांगितलं. एवढंच म्हणाले, पोराचा ठावठिकाणा लागू दे, मग बोलू. आज पहाटेच्या गाडीने ते उरणला गेलेत, तिथून करंजाला गोविंदाचं घर शोधायचं. आई चुलीशी बसलीय. मला म्हणाली, “माजे पोराचा हात धरायला तिकरं कोन होता गो?”

दिपिका

*

रोहा
१६ फेब्रुवारी १९९५

चि. दिपिका,

कार्डच लिहिते. पंधरवडा उलटून गेला, तुझं पत्र नाही. करंजाला काय झालं? अनय रोज विचारतो. काल त्याने कंपनीतून फोन करून विचारलं, तर मी पहिल्याच घंटीला फोन उचलला, असं तो म्हणतो. वाईट असलं तरी कळव. मी या वेळी अंदाज बांधायचा नाही असं ठरवलंय, ते मला फार जड जातंय.

पद्मजाबाई

*

दिवखार
२० फेब्रुवारी १९९५

आदरणीय बाई,

माफ करा. इतकं काही एकामागून एक घडलं, की कागद हातात घेतला तरी कुठून सुरू करावं कळेना.

प्रविण सापडला. गोविंदाच्या घरी नव्हता. गोविंदाच्या बायकोने आबांना धक्क्याकडे पाठवलं. तिथे वाळूवर ओढलेल्या एका मचव्याच्या इंजिनात त्याने कोपरापर्यंत हात घातला होता. आबांनी हाक मारली नाही. इंजिन सुरू होईपर्यंत बाजूला उभे राहिले. इंजिन सुरू झालं, प्रविण वळला आणि आबांना बघून त्याने उजवा हात पाठीमागे नेला. हे सगळं मला आबांनीच सांगितलं.

“हात बघितलास?” प्रविण म्हणाला.

“बगितला,” आबा म्हणाले. “इंजिन चालू झाला ना? मंग चल घरी.”

तो लगेच नाही आला. हातातलं काम पुरं करतो म्हणाला, आणि आबाही त्याच्याबरोबर तिथेच गोविंदाकडे राहिले. आबा, आणि तेही मिठाचा मोसम सोडून! चार दिवसांनी दोघं आले. आईने त्याचा हात आपल्या हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, “दुखतो काय?” तो म्हणाला, “थंडीत.” ती म्हणाली, “मंग थंडीचा चुलीजवल बसायचा, दुसरा काय?” आणि मग रडली. पण ते नंतर.

मी त्याला विचारलं, पत्र का नाही टाकलंस? तो म्हणाला, सरूच्या घरी आबांनी शब्द दिला होता. मी असा येऊन उभा राहिलो असतो, तर ती पोरगी शब्दाला बांधली गेली असती, नाही म्हणायची तिची हिंमत झाली नसती. माझी काही खबरच नसती, तर तिच्या घरच्यांनी वर्षभरात दुसरं बघितलं असतं. मग मी आलो असतो. त्याला हे फार शहाणपणाचं वाटत होतं. मी म्हटलं, आणि आईचं काय? त्याचा त्याने विचारच केला नव्हता. खरंच नव्हता, बाई. मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्याला नुसतं वाढत होते, बोलत नव्हते.

मग मॅडमला आभाराचं पत्र लिहायला त्याने मलाच बसवलं. तो मराठीत सांगे आणि मी इंग्रजीत करी. शेवट काय करू, म्हणून मी विचारलं. ‘आय विश आय वॉज देअर’ लिहू? आणि त्याचा अर्थ समजावून सांगितला. तो म्हणाला, “नको. ता खोटा होईल.” मग ‘आय होप यू आर वेल’ लिहिलं, आणि लिहिताना मला कळलं, की शाळेपासून हे वाक्य मी कितीदा लिहिलं असेल, पण एकदाही मला खरंच जाणून घ्यायचं नव्हतं. या वेळी ती मॅडम बरी असावी असं मला मनापासून वाटत होतं.

तुमच्या गमतीवर मी विचार केला. ‘होप’ला दोन कर्मं का पेलत नाहीत, याचं मला असं वाटतं. विश आपण दुसऱ्याला देऊ शकतो, वाढदिवसाला देतो तशी. होप कुणाला देता येत नाही, ती ज्याची त्याने करायची. हे बरोबर आहे का? की मी उगाच काहीतरी जुळवलं? पुस्तकात असं काही सापडलं नाही.

काल रविवारी आबा आणि प्रविण सरूच्या घरी गेले. मीही गेले. आबा वाटेत म्हणाले, मी बोलतो. पण तिथे बसल्यावर प्रविणनेच हात पुढे मांडीवर ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. फोरमन नाही, बहारीन नाही, आता करंजाच्या धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करतो, जमलं तर इथेच धरमतरच्या बाजूला काम बघणार. आबा जमिनीकडे बघत होते. सरूचे वडील म्हणाले, विचार करावा लागेल. त्यांचंही चुकलं नाही.

तेवढ्यात सरू आतून पाणी घेऊन आली. इतकं सगळं आत ऐकू गेलंच असणार. तिने प्रविणच्या हाताकडे नीट बघितलं, चोरून नाही. मग त्याच्याकडे बघून विचारलं, “तुमी परत जानार काय तिकरं?”

तिचे वडील तिला गप्प करायला गेले, पण प्रविणने उत्तर दिलं. “नाय,” म्हणाला.

“मंग मना चालंल,” सरू म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या त्याच्या उजव्या हाताला ठेवून आत गेली.

तुमची,
दिपिका